झिरोचा बल्ब आणि शंभरावं युनिट

(दृश्य: इलेक्ट्रिकच्या दुकानाचा काउंटर. काउंटरवर ठोकलेला होल्डर.)

"एक साठचा द्या." दहा-पंधरा वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात हे वाक्य दिवसभर ऐकू यायचं. दुकानदार पुठ्ठ्याच्या वेष्टनातून बल्ब काढायचा, काउंटरवरच्या होल्डरला लावून पेटवून दाखवायचा आणि मगच पैसे घ्यायचा. साठ म्हणजे साठ वॅट, हे वेगळं सांगायला लागत नसे. अंगणात शंभरचा, न्हाणीघरात चाळीसचा आणि रात्री झोपताना झिरोचा. या झिरोकडे आपण नंतर परत येणार आहोत, कारण सगळ्यात जास्त गंमत त्याचीच आहे.

(दृश्य: पारदर्शक काचेचा बल्ब, अगदी जवळून. तार आधी लालसर, मग पिवळी.)

या काचेच्या आत टंगस्टनची बारीक तार आहे, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. वीज गेली की ती साधारण अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळे उजळते. म्हणजे हे यंत्र मुळात तापायचं, उजेड हा त्याचा जोडधंदा. शंभर रुपयांची वीज घातली तर पाच-सात रुपयांचा उजेड पडतो, बाकी सगळी उष्णता. चालू बल्ब काढताना ज्याची बोटं पोळली आहेत, त्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. एडिसनच्या 1879 च्या दिव्यात टंगस्टनऐवजी कार्बनची तार होती. बाकी कल्पना तीच राहिली.

थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या मानाने फारच कमी असतो. त्यामुळे बटण दाबल्या क्षणी विजेचा लोंढा येतो आणि म्हातारा झालेला बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडतो. मग तो कानाशी नेऊन हलवायचा. खुळखुळला, की तार तुटली. पण तो लगेच टाकून देणारी घरं थोडी. बल्ब तिरका धरून, हलक्या टिचक्या मारत, तुटलेलं टोक उरलेल्या तारेत अडकवायचं आणि धक्का न लावता होल्डरला बसवायचा. जमलं तर तो आधीपेक्षा लख्ख लागायचा! तार आखूड झालेली, त्यामुळे विरोध कमी आणि प्रवाह जास्त. असा जोडलेला बल्ब फार दिवस टिकत नसे, पण मिळतील तेवढे दिवस फुकटचे.

मधल्या काळात सीएफएल, म्हणजे वळवलेल्या नळीचा बल्ब, येऊन गेला. 2009 मध्ये केंद्राच्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब देऊन 15 रुपयांत सीएफएल घ्यायची सोय होती. उरलेली किंमत कार्बन क्रेडिट (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) विकून भरून काढायची, असा हिशेब होता. कार्बन क्रेडिटचे भाव कोसळले आणि हिशेब बसेना. सीएफएलला पूर्ण उजेडाला यायला वेळ लागायचा आणि नळीत थोडासा का होईना, पारा असायचा. अजूनही एखाद्या घरात तो असेल. फुटलाच, तर खिडक्या उघडाव्यात, थोडा वेळ त्या खोलीत कुणी थांबू नये आणि तुकडे केरसुणीने न लोटता जाड कागदाने गोळा करून बंद डब्यात ठेवावेत.

(दृश्य: एलईडी बल्बच्या खोक्यांची चळत. वीजबिल हातात धरून रांगेत उभे ग्राहक.)

खरा फरक पडला तो किमतीमुळे. 2014 च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्ब घाऊक विकत घेतले, तेव्हा एका बल्बची खरेदी किंमत 310 रुपये होती. 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली. देशातले 77 कोटी पिवळे बल्ब बदलायचे, असं उद्दिष्ट. एवढी मोठी ऑर्डर दिसल्यावर कारखानदारांत चढाओढ लागली आणि दर टेंडरगणिक भाव उतरत गेला. 2016 मध्ये तो 38 रुपयांवर आला. लोकांना वाटतं सरकारने सबसिडी दिली. इथे सबसिडी नव्हती, घाऊक खरेदीची ताकद होती. वीजबिल दाखवायचं, बल्ब घ्यायचा. काही ठिकाणी तर हप्ते बिलातूनच वळते व्हायचे. देशभरात 36 कोटींहून जास्त बल्ब असे घरोघर गेले, त्यांतले दोन कोटींहून जास्त महाराष्ट्रात.

2021 मध्ये खास खेड्यांसाठी ग्राम उजाला निघाली. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत आपला नागपूर होता. एलईडी 10 रुपयांत, पण बदल्यात पिवळा बल्ब द्यायचा आणि तोही चालू. ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, तो माणूस घरं ओळखणारा होता. उडालेला बल्ब जमा करून कुणाची वीज वाचणार?

आता एक ढोबळ हिशेब. साठच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला तर 51 वॅट वाचतात. दोन कोटी बल्ब एकाच वेळी लागले असं धरलं, तर एक हजार मेगावॅटच्या वर आकडा जातो. प्रत्यक्षात सगळे एकाच वेळी लागत नाहीत, सगळ्यांनी साठचाच काढला असंही नाही. तरी लक्षात घ्या, कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॅट आहे, आणि कोयनेचं पाणी मुख्यतः संध्याकाळची वाढलेली मागणी भागवायला वापरतात. दिवे लागतात तेही त्याच वेळेला. भारनियमनाच्या काळात ज्यांनी कंदील पुसून ठेवले आहेत, त्यांना संध्याकाळच्या मेगावॅटची किंमत कळते.

(दृश्य: छोटंसं देवघर. कोपऱ्यात लाल झिरोचा बल्ब. भिंतीवर वीज मीटर.)

आणि आता झिरो.

झिरोचा बल्ब शून्य वॅटचा नसतो. तो साधारण पंधरा वॅट घेतो. जुन्या चकतीच्या मीटरवर तो एकटाच चालू असला तर चकती हलताना दिसत नसे, त्यामुळे याला वीजच लागत नाही असा समज घरोघर पसरला. देवघरातला असा बल्ब कित्येक घरांत रात्रंदिवस चालू असतो, कारण देवापुढचा दिवा मालवायचा नाही. पंधरा वॅट, चोवीस तास, तीस दिवस. झाली जवळपास अकरा युनिटं. स्वयंपाकघरातला साठचा बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला होतात नऊ. म्हणजे आपण ज्याला झिरो म्हणतो तो साठच्याला मागे टाकतो. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी नाईट लॅम्प लावला, तर महिनाभर रात्रंदिवस जळूनही अर्धं युनिट होत नाही.

बल्ब बदलायला निघालेले लोक हमखास इथेच चुकतात. घरातला सगळ्यात मोठा बल्ब शोधतात. शोधायचा तो सगळ्यात जास्त वेळ चालणारा: देवघर, जिना, गोठा, रात्रभर लावून ठेवलेला ओटीवरचा दिवा. माळ्यावर शंभरचा बल्ब आहे आणि तो दिवाळीच्या साफसफाईला तासभर लागतो, तर लागू दे बापडा. तो बदलून बिलात काही दिसणार नाही.

बिलात दिसतं ते शंभराव्या युनिटापाशी. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांना एक दर आहे आणि एकशेएकाव्यापासून चढा दर. चढा दर फक्त वरच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण ज्या कुटुंबाचं रीडिंग दरमहा एकशेपाच-एकशेदहाच्या आसपास घुटमळतं, त्याची एलईडीने वाचलेली युनिटं नेमकी या महागड्या टोकाची असतात. एसी-गीझरवाल्या घरात तेवढीच युनिटं वाचली तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

ट्यूबबद्दलही थोडं. जुनी चाळीसची जाड ट्यूब आणि तिचा गुणगुणणारा तांब्याचा चोक मिळून पन्नास वॅटच्या पुढे जातात. त्या पट्टीच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी चालते. शिवाय संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज पडलं की ट्यूब नुसतीच फडफडते आणि पिवळा बल्ब लालसर निखाऱ्यासारखा होतो. बरा एलईडी अशा वेळीही बऱ्यापैकी स्थिर उजेड देतो.

(दृश्य: उघडलेला एलईडी बल्ब, टेबलावर. गोल पत्र्यावर पिवळे ठिपके.)

हा बंद पडलेला एलईडी बल्ब आहे. वरची प्लास्टिकची टोपी काढली की ॲल्युमिनियमच्या गोल चकतीवर हे पिवळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याखाली निळा प्रकाश देणारी चिप आहे. वरचा पिवळा लेप त्यातल्या थोड्या निळ्याचा पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी 1962 मध्येच आला होता. भरपूर उजेड देणारा निळा मिळायला 1990 चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण बल्ब मरतो तो बऱ्याचदा या ठिपक्यांमुळे नाही. चकतीच्या खाली ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट आहे आणि त्यात हा डबीसारखा कपॅसिटर. उष्णतेने तो सुकत जातो, फुगतो. एलईडीही थोडा तापतोच. म्हणून चारी बाजूंनी बंद काचेच्या ग्लोबमध्ये तो कोंडला, की खोक्यावर छापलेलं वर्षांचं आयुष्य कागदावरच राहतं. ग्लोब काढा, नाहीतर कमी वॅटचा लावा. आणि खरेदी करताना वॅटपेक्षा ल्युमेन वाचा. साठच्या बल्बाचा उजेड सातशे ल्युमेनच्या आसपास असतो. खोक्यावर त्याहून जास्त आकडा असेल तर उजेड कमी पडणार नाही.

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिला तर बाहेरचं काही लागलेलं नाही. बहुधा बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर जोडलेलं असतं, किंवा बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून किंचित वीज झिरपते. पहिल्या बाबतीत वायरमनला बोलवावं. दिवा बंद असताना होल्डरमध्ये फेज असणं धोक्याचं आहे.

आता एक तक्रार, निवेदकाची स्वतःची. ज्या हॉलमध्ये एका ट्यूबवर पाहुणे जेवून उठायचे, तिथे आता फॉल्स सीलिंग आणि नऊ-नऊ वॅटचे बारा दिवे. बेरीज एकशेआठ वॅट. जुन्या ट्यूबच्या दुप्पट! वर पुन्हा "आमच्याकडे सगळं एलईडी आहे" हे कौतुक. आणि सगळीकडे साडेसहा हजार केल्विनचा निळसर पांढरा उजेड, ट्यूबची सवय म्हणून. झोपायच्या खोलीत आणि जेवणाच्या टेबलावर तीन हजार केल्विनचा पिवळसर लावून बघा. वांग्याची भाजी वांग्याच्या भाजीसारखी दिसते.

(दृश्य: मोटार रिवाइंडिंगचं दुकान. लाकडी फळीवर होल्डर, दोन सुटी टोकं.)

मग पिवळा बल्ब संपला का? नाही. दुकानात अजून शंभरचे आणि दोनशेचे ठेवलेले असतात. कोंबडीवाले नेतात. नव्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या छत्रीखाली, दर पिल्लामागे दोन वॅट हा जुना ठोकताळा आहे. इथे उष्णताच हवी असते, उजेड वरचा.

दुसरं गिऱ्हाईक वायरमन आणि रिवाइंडिंगवाले. ही फळी म्हणजे सिरीज बोर्ड. दुरुस्त केलेली मिक्सरची मोटार थेट लाइनवर न लावता आधी बल्बाच्या सिरीजमध्ये लावायची, म्हणजे मोटारीची वीज बल्बातूनच जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने लागतो आणि फ्यूज वाचतो. सगळं ठीक असेल तर नुसता मंद दिसतो. तारेचा विरोध विजेला आवर घालतो आणि उजेड बघून कारागीर निदान करतो. एलईडीत मधे ड्रायव्हर असल्यामुळे ही युक्ती चालत नाही. म्हणून ज्या दुकानात छताला एलईडी पट्ट्या लागल्या आहेत, त्याच दुकानातला कारागीर महिना-दोन महिन्यांनी गल्लीतल्या इलेक्ट्रिकवाल्याकडे जातो आणि म्हणतो, "काका, दोनशेचा एक द्या. पारदर्शक काचेचा."