मुक्कामाची जागा हिरव्या पट्ट्यात आहे, एवढे पुरेसे नाही

नमस्कार. इंदूरहून चारधामला निघालेले प्रेक्षक सतत विचारतात की भूस्खलनाचा नकाशा पाहून मुक्काम ठरवावा का. केदारनाथ ज्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात आहे, तो इस्रोच्या २०२३ च्या भूस्खलन ॲटलासमध्ये १४७ जिल्ह्यांत पहिला आहे. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे.

नकाशा कसा होतो, ते थोडक्यात सांगतो. उतार, खडक, मातीचा थर आणि जुन्या दरडींच्या जागा एकत्र मांडून अधिक, मध्यम व कमी प्रवणतेचे, म्हणजे दरड सुटण्याच्या शक्यतेचे, भाग पाडले जातात; अधिक प्रवणतेचा भाग लाल, कमी प्रवणतेचा हिरवा रंगवतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे देशव्यापी काम २०१४ मध्ये हाती घेतले.

आता मुख्य मुद्दा. अन्नपूर्णा रोडच्या एका काकूंनी लिहिले आहे, "आमचे हॉटेल नदीकाठी, हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे काळजी नाही." काकू, काळजी आहे. दरड कोठून सुटू शकते, एवढेच हा रंग सांगतो. सुटलेली दरड कोठवर येईल, हे तो सांगत नाही. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये सुमारे १५५० मीटर उंचीवर डोंगर सुटला आणि ढिगारा नदीच्या पात्रातून जवळजवळ आठ किलोमीटर खाली मुंडक्कई, चूरलमला या वस्त्यांवर गेला. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर हे अंतर सोळा सेंटिमीटर भरते, आणि दहा मीटर रुंदीचे घर तेथे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे, म्हणजे दिसतच नाही. अशा नकाशाला सर्रास 'जोखमीचा नकाशा' म्हणणारे व्हिडिओ पाहिले की मला खरोखर राग येतो, कारण जोखमीच्या हिशेबात खाली कोण राहते, पाऊस किती पडला आणि ढिगाऱ्याची वाट कोणती, हे सगळे धरावे लागते.

माळव्याच्या सपाटीवर वाढलेल्या आपल्याला ओढा म्हटले की पावसाचे पाणीच आठवते. हिमालयात तोच ओढा दगडमातीची वाट असतो, आणि तिच्या तोंडाशी पसरलेली सपाट जागा बहुधा जुन्या ढिगाऱ्यांनीच तयार झालेली असते. हॉटेलांना नेमकी तीच सोयीची वाटते.

म्हणून नकाशावर हॉटेलच्या जागेवर बोट ठेवा, जवळचा ओढा शोधा आणि बोट थेट त्याच्या उगमापर्यंत वर न्या. वाटेत किंवा माथ्यावर लाल रंग लागला, तर खोली ओढ्यापासून दूर, उंच जागी घ्या.