नाक कोरडं कधी असतं?

श्रोते हो, नमस्कार.

पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात एक वाक्य ऐकल्याशिवाय दिवस मावळत नाही. "डॉक्टर, बाळाचं नाक जन्मल्यापासून वाहतंय." खोदून विचारलं की 'जन्मल्यापासून'चे तीन आठवडे निघतात. पण आईचंही खोटं नसतं. रात्रभर ते नाक तिच्याच कानाशी घुरघुरत असतं, तिला तीन आठवडे जन्मासारखेच वाटणार.

नाक पुसायचं कसं हे मी तुम्हाला सांगायला नको. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घरोघरी असतो. आपण बोलू कारणाबद्दल.

आधी साधा हिशेब. धडधाकट लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होते. एकेक सर्दी दहा, बारा, कधी चौदा दिवस रेंगाळते. गुणाकार तुम्हीच करा. त्यात घरात बालवाडीत जाणारं थोरलं भावंड असेल, तर ते रोज नवी सर्दी दप्तरातून घेऊन येतं. म्हणजे एक संपते न संपते तोच दुसरी, आणि आईला वाटतं एकच चाललीय. मध्ये चार दिवस नाक कोरडं होतं का, एवढं बघा. होत असेल, बाळ पीत असेल, हसत असेल, तर बहुतेक वेळा हे एवढंच असतं.

आणि रंग. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतोच, साध्या विषाणूच्या सर्दीतही होतो. रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही. पुन्हा सांगतो, रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही.

आता माझी एक गोष्ट ऐका. आमच्या घरी ती सगळ्यांची पाठ झालीय, म्हणून तुम्हाला सांगतो.

पंचवीसेक वर्षं झाली. साताऱ्यात माझा दवाखाना नवा होता आणि मला सगळं येतं असं वाटायचं ते वय होतं. एक साडेतीन महिन्यांची मुलगी यायची. आई, आजी आणि ती. वजन छान, ताप नाही, छाती स्वच्छ. फक्त नाक गळतंय, पाण्यासारखं, आणि शिंका. माझ्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन बाटल्या संपल्या होत्या. मी तिसरी दिली. फरक नाही. मग मला अ‍ॅलर्जीचा संशय आला. खरं तर इतक्या लहान बाळाला हवेतल्या परागांची, धुळीची अ‍ॅलर्जी सहसा नसते. ती जडायला एकदोन वर्षं जावी लागतात. हे मला पाठ होतं, पण काहीतरी करून दाखवायची खुमखुमी. मी आईचं दही आणि केळं बंद केलं. आजी एकदम खूश. ती हेच सांगत होती ना! नाकावर मात्र काडीचा परिणाम नाही.

शेवटी मी आईला म्हटलं, "महिनाभर एक काम करा. ज्या दिवशी नाक वाहील त्या दिवशी लिहून ठेवा." कागद हरवतो म्हणून ती म्हणाली, कॅलेंडरवरच लिहिते.

महिन्यानं ती भिंतीवरचं कॅलेंडरच खिळ्यावरून काढून, गुंडाळी करून घेऊन आली. (आजकालच्या कॅलेंडरांत लिहायला जागाच ठेवत नाहीत. सगळ्या चौकोनात लोणच्याच्या आणि पतपेढीच्या जाहिराती. दुधाचा हिशेब कुठं लिहायचा माणसानं? असो.) मी ते टेबलावर पसरलं. काळ्या पेनानं रोजच्या चौकोनात 'ना' लिहिलेलं. 'ना' म्हणजे नाक. ना, ना, ना, ना, आणि मग एकदम चार दिवस कोरे. पुन्हा ना, ना, ना. पुढं आणखी तीन दिवस कोरे. आणि त्या साती दिवसांवर लाल पेन्सिलीचे गोल.

मी विचारलं, "हे लाल गोल कसले? दुधाचे?"

आई म्हणाली, "नाही हो, ते मावशींचे खाडे."

मावशी म्हणजे बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई. चार दिवस ती लेकीकडं गेली होती आणि तीन दिवस गावच्या यात्रेला. त्या सात दिवसांत बाळाचं नाक कोरडं ठणठणीत. मी आजीकडं बघितलं, आजी कॅलेंडरकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणून काय बाईला काढायचं?"

(तिथं मी विचारलं होतं, खाड्याचे पैसे कापता का? कापत होत्या. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. महिन्यात चार सुट्ट्या आपल्याला लागतात, मग तिला नकोत? पण मी नाकाचा डॉक्टर, पगाराचा नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी त्यांच्या घरी गेलो. मावशी पाटावर बसलेल्या, पाय लांब सोडलेले, पायांवर बाळ. हात असा सफाईचा की मी विद्यार्थ्यांना तो दाखवायला न्यावं. तेल, डाळीच्या पिठाचा हात, ऊन पाणी. इथपर्यंत सगळं उत्तम. मग त्यांनी करंगळीनं खोबरेल घेतलं आणि दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले. मग नाकात फुंकर. मग शेगडी आली. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं, वर चिमूटभर धूप. न्हाणीघराचं दार बंद. मावशींनी बाळाला पालथं हातावर घेतलं आणि त्या धुरावर धरलं. मी दारातल्या फटीशी उभा होतो, मलाच ठसका लागला.

कारण सापडलं होतं, पण मावशींना सांगायचं कोणी? आई माझ्याकडं, मी आजीकडं, आजी छताकडं.

मी म्हटलं, "मावशी, बाळाला सोसत नाही हो हा धूर. दोन-तीन महिन्यांपर्यंत तर ते तोंडानं श्वास घ्यायलाही धड शिकलेलं नसतं. त्याचं नाक म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं भोक."

मावशी म्हणाल्या, "डाक्टर, तुमच्या वयाची पोरं मी न्हाऊ घातलीत."

मी म्हटलं, "मग एक करा. शंभर आकडे होईपर्यंत तुम्ही तोंड धरा त्या शेगडीवर."

त्यांनी धरलं! हट्टी बाई. चाळिसापर्यंत पोचल्या आणि पदर नाकाला लावला. मला वाटलं, जिंकलो. पदराआडून आवाज आला, "माझं काय सांगता. मला कांदा चिरतानाही पाणी येतं."

जिंकणं-बिंकणं काही झालं नाही. तोडगा आजीनं काढला. धुरी बाळाच्या लंगोटांना आणि दुपट्यांना द्यायची, तीही अंगणात, बाळाला नाही. वास राहिला, धूर गेला. नाकात तेल मात्र मी कडक शब्दांत बंद केलं, कारण ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तेलानं होणारा न्यूमोनिया लवकर हटत नाही. दहा-बारा दिवसांत 'ना' लिहिणं थांबलं. मावशी पुढं वर्षभर मला बाजारात दिसल्या की तोंड फिरवायच्या.

तेव्हापासून मी प्रश्न उलटा विचारतो. नाक वाहतं कधी, ते नका सांगू. कोरडं कधी असतं, ते सांगा. आजोळी कोरडं आणि घरी वाहतं? मग घरात बघा. चूल, उदबत्ती, कुणाची विडी, डासांची कॉइल. एका कॉइलच्या धुरात पंच्याहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलं गेलंय. बाळासाठी मच्छरदाणी लावा.

कोरडं कधीच नसतं आणि एकाच नाकपुडीतून वाहतं, तर गोष्ट वेगळी. एका बाजूनं, घाण वास, कधी रक्ताची छटा. रांगतं-चालतं मूल असेल तर आत काहीतरी घातलंय असं समजा. हरभरा, मणी, गादीतला स्पंज, मी सगळं काढलंय. घरी चिमट्यानं ओढू नका, वस्तू आत सरकते. आणि ते खेळण्यातलं नाण्यासारखं चपटं सेल असेल, तर तासाभराचाही उशीर नको. आतला पडदा जळतो, कायमचं भोक पडतं. तान्ह्याचं जन्मापासून खरोखरच एकाच बाजूनं वाहत असेल, तर ती वाट जन्मतःच बंद आहे का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून बघून घ्यावं.

औषधाचं थोडक्यात. दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब, पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी, बस. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब तान्ह्याला नकोत. सर्दीच्या त्या गोड थेंबांबद्दल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेल्या, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलंय की चार वर्षांखालच्यांना देऊ नये. बाटलीवर ते छापायलाही सांगितलंय. चष्मा लावा आणि वाचा. कापडात कापूर बांधून बाळाच्या उशाशी ठेवणंही बंद करा. कापूर पोटात गेला तर झटके येतात.

आणि थांबायचं कधी नाही, ते दोनदा सांगतो. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि शंभर पूर्णांक चार दशांश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, तडक डॉक्टर. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. दोन महिन्यांखाली साठ, वर्षाच्या आत पन्नास, एवढे किंवा याच्या वर असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, ओठ निळसर असतील, तर रात्र असो की पाऊस, निघायचं. पुन्हा: तीन महिन्यांच्या आत ताप, आणि श्वास भराभर. निघायचं.

कॅलेंडर आणायला मी अजून सांगतो. परवा एका तरुण बापानं दोन महिन्यांचं कॅलेंडर आणलं. मी बोट फिरवत 'ना' शोधत होतो, तो माझ्या बोटामागून काहीतरी पुटपुटत बेरीज करत होता. बाळाचं नाक चार दिवसांत आपसूक थांबलं, कारण कळलंच नाही. दूधवाल्यानं मात्र साडेतीन लिटर जास्त लावलेले निघाले.

नमस्कार.