मुरमातून उठलेली माणसं

[दृश्य : पहाट. झाडांच्या फटींतून येणारा उजेड. लाल पायवाट. पावलांखाली खडी करकरते.]

आपल्याकडे कुठल्याही गावात शिरा, चौकात पुतळा असतो. उंच चौथरा, भोवती रेलिंग, वर्षातून दोनदा हार आणि त्या दोन दिवसांपुरती लावलेली शिडी. पुतळा कुणाचा ते खालच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी पुसट झाली असली तरी अडत नाही. हात कुठे दाखवलाय, घोडा आहे की नाही, यावरून लहान पोरसुद्धा नाव सांगतं.

आता हे बघा.

[दृश्य : कॅमेरा खालून वर जातो. आधी कुत्रा, मग पावलं, मग कावड.]

एक पुरुष. खांद्यावर कावड. कावडीच्या टोपलीत पोर बसलंय. शेजारी बाई चाललीय, डोक्यावर ओझं घेऊन. पायात पायात करणारा कुत्रा. अख्खं बिऱ्हाड निघालंय. कुठे निघालंय ते कुठे लिहिलेलं नाही. नावं नाहीत, जयंती नाही, पुण्यतिथी नाही. चौथरा इतका बुटका, की दोन पावलं आपणही त्यांच्या बरोबरीने चालावं असं वाटतं.

या शिल्पाचं नाव ‘संथाळ कुटुंब’. संथाळ ही पूर्व भारतातली एक आदिवासी जमात. साल १९३८. भारतात उघड्यावर, सगळ्यांसाठी उभं राहिलेलं हे पहिलं आधुनिक शिल्प, असं अनेक कलासमीक्षक मानतात. आणि ते उभं आहे एका विद्यापीठाच्या आवारात.

[दृश्य : बोलपूर स्टेशन. टोटोंची रांग.]

हावड्याहून सुमारे दीडशे किलोमीटरवर बोलपूर. स्टेशनाबाहेर बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा उभ्या असतात. इथे त्यांना टोटो म्हणतात. टोटोवाल्याला ‘शांतिनिकेतन’ एवढं सांगितलं तरी पुरतं. १९०१ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी इथे शाळा काढली, १९१९ मध्ये चित्र-शिल्पकला शिकवणारं कलाभवन सुरू झालं, १९२१ मध्ये विश्वभारती. १९५१ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि २०२३ साली शांतिनिकेतन जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कलाभवनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरचे विनायक मासोजी होते. पुढे ते तिथेच शिक्षक झाले. तेव्हा मराठी माणसाला ही वाट अगदीच परकी नाही.

वाटेचा रंगही परका नाही. कोकणातला माणूस इथे उतरला तर क्षणभर थबकेल. जांभ्याची तीच लाल जमीन. पावसाने चिरत नेलेल्या घळी, त्यांना इथे खोआई म्हणतात. आणि वाटेवर पसरलेल्या लाल खडीला बंगाली माणूस म्हणतो ‘मोराम’. आपण म्हणतो मुरूम. हा मुरूम ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. ताडपत्राची टोपी घातलेला माणूस, परांचीवर.]

रामकिंकर बैज. जन्म १९०६, बांकुडा. घर न्हाव्याचं. लहानपणी शेजारच्या कुंभार-मूर्तिकारांच्या हाताखाली माती मळली, थोडे मोठे झाल्यावर नाटकांचे पडदे रंगवले, स्वातंत्र्यचळवळीची पोस्टरं केली. संपादक रामानंद चटर्जींची नजर या पोरावर पडली आणि १९२५ साली त्यांनी त्याला शांतिनिकेतनात आणून सोडलं. कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांनी त्याची चित्रं पाहिली आणि ठेवून घेतलं. त्यानंतर रामकिंकर इथून गेलेच नाहीत. विद्यार्थी झाले, मास्तर झाले, सगळ्यांचे ‘किंकरदा’ झाले.

शिल्पकला मात्र त्यांना सलग कुणी शिकवली नाही. शिकवायला तेव्हा कुणी नव्हतंच. ऑस्ट्रियाच्या लिझा फॉन पॉट काही दिवस येऊन गेल्या. मग मार्गरिट मिलवर्ड आल्या, त्या फ्रेंच शिल्पकार बूर्देलच्या शिष्या. त्यांच्याकडून हत्यारं आणि तंत्र जेवढं उचलता आलं तेवढं उचललं. बाकीचं स्वतःच खटपट करून.

[दृश्य : निलगिरीची झाडं. त्यांच्यात एक सडसडीत आकृती, चटकन न दिसणारी.]

झाडं मोजा. एक, दोन, तीन, चार... आणि ही पाचवी नव्हे, ही बाई आहे.

१९३५ सालचं हे शिल्प. निलगिरीच्या खोडांसारखीच उंच, सरळ, किंचित खरबरीत. असं सांगतात की जया नावाची एक विद्यार्थिनी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. पुढे चित्रकार आणि कलासमीक्षक म्हणून नावारूपाला आलेल्या जया अप्पासामी त्या याच. शिल्प पाहून नंदलालबाबूंनी सुचवलं, डोक्यावर एक पातेलं ठेव. जवळच बुद्धाची मूर्ती होती. डोक्यावर खिरीचं भांडं आलं आणि त्या मुलीची सुजाता झाली, उपाशी गौतमाला खीर घेऊन निघालेली. एका भांड्याने केवढं काम केलं बघा.

पुढचा किस्सा रामकिंकर स्वतः सांगायचे. एका सकाळी फिरताना गुरुदेवांची, म्हणजे रवींद्रनाथांची, नजर या शिल्पावर गेली. कुणी केलं म्हणून विचारणा झाली, बोलावणं आलं. हे घाबरत घाबरत गेले. न विचारता आश्रमात भलतंच काही उभं केलं, आता बोलणी बसणार, असं मनात. गुरुदेवांनी विचारलं ते एवढंच, की असल्या शिल्पांनी सगळा आश्रम भरून टाकशील का? एक संपलं की दुसरं घ्यायचं.

परवानगी म्हणून एवढं पुरे होतं. पैशाचं काय?

[दृश्य : जवळून, सिमेंटचा पृष्ठभाग. खडीचा एकेक दाणा दिसतो.]

ब्राँझ म्हणजे साचा, भट्टी, ओतकाम आणि मागे उभा राहणारा कुणी मोठा धनी. १९२८ साली पुण्यात शिल्पकार करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, त्यामागे संस्थानिकांचं बळ होतं. शांतिनिकेतनाकडे असलं काही नव्हतं. संगमरवर परवडणारा नव्हता, प्लॅस्टरसुद्धा महाग. मग रामकिंकरांनी गवंड्याचा माल उचलला. लोखंडी सळयांचा सांगाडा उभा करायचा. सिमेंटमध्ये वाळू आणि हाच पायाखालचा लाल मुरूम कालवायचा. आणि तो माल मुठीने सांगाड्यावर फेकायचा.

थापायचा नाही, फेकायचा. भिंतीला गिलावा करताना गवंडी थापीने पहिला हात मारतो, त्या आवाजाची आठवण करा. फच्च. चिकटला तर राहिला, पडला तर पुन्हा. मातीसारखं हे काम दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवता येत नाही. सिमेंट थांबत नाही, काही तासांत आवळतं. म्हणजे हात चालला पाहिजे आणि मन ठरलेलं पाहिजे. अर्धवट सुकलं की कुठे छिन्नीने तासायचं, कुठे कोरायचं, बस. आधी मातीत करून मग साचा काढण्याची भानगड नाही. एकच प्रत, तीही जागेवरच. उन्हात, लुंगी नेसून, डोक्यावर ताडपत्राची टोपी.

त्यामुळे अंगाला गुळगुळीतपणा नाही. नाकाला धार नाही, बोटांना नखं नाहीत. पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खड्याला आपली सावली येते आणि सगळं अंग हलल्यासारखं वाटतं. दुपारी बारा वाजता हेच शिल्प मुकं होतं. बघायचं तर सकाळी लवकर या, नाहीतर पाचनंतर.

हाताशी असेल त्यात काम करण्याची ही रीत एकट्या रामकिंकरांची नव्हती, ती या घराचीच होती. १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून ते नगर सजवायला नंदलालबाबू आले आणि त्यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून ते उभं केलं. तिकडे कलाभवनात त्याच सुमारास मातीच्या भिंतींवर मुलं उठावाची शिल्पं करत होती आणि वरून डांबर फासत होती. ते ‘कालो बाडी’, काळं घर. मुलांचं वसतिगृह. भारहूत, महाबलीपुरम, मोहेंजोदडो, इजिप्त, सगळं त्या काळ्या भिंतींवर नांदतंय आणि मुलं आत राहतायत.

[दृश्य : पुन्हा संथाळ कुटुंब. कॅमेरा त्यांच्या मागून.]

पुन्हा या कुटुंबाकडे येऊ. आजूबाजूच्या वस्त्यांतले संथाळ शेतात, रस्त्याच्या कामावर, गिरणीत राबायला इथूनच जायचे. रामकिंकर त्यांना रोज बघत. आदिवासी म्हटलं की शहरी कलावंताला एक तर नाच आठवतो, नाहीतर दारिद्र्य. इथे दोन्ही नाही. मान झुकलेली नाही. कावडीचा भार दोन्हीकडे तोललेला, पाय लांब पडतायत, बाई नवऱ्याच्या मागे नाही, जोडीने आहे. हयात माणसापेक्षा मोठे आकार, पण आकारापेक्षा डौल मोठा. मला यातलं सर्वांत धाडसाचं वाटतं ते कुत्रं. राजाच्या शिल्पात घोडा असतो, देवाच्या शिल्पात वाहन. या लोकांबरोबर जे खरंच असतं, तेच इथे आहे.

[दृश्य : झरझर, एकामागून एक.]

बाकीची भराभर बघू. १९४० सालचं ‘दीपस्तंभ’. माणूस नाही, प्राणी नाही, नुसते एकमेकांत वळत गेलेले आकार. त्या काळी आश्रमातल्या किती जणांना ते कळलं असेल कोण जाणे. १९४३ सालची धान झोडपणारी बाई, हिला डोकंच नाही. पण अंगातला झटका असा, की डोकं नाही हे लक्षात यायला वेळ लागतो. बंगालमध्ये ते दुष्काळाचं वर्ष होतं. गांधीजीही आहेत, काठी घेऊन ढांगा टाकत निघालेले.

[दृश्य : दोन बायका धावताना. पदर मागे उडतोय. आवाज : दूरवर भोंगा.]

आणि हे १९५६ सालचं. बंगालीत नाव आहे ‘कलेर बाँशी’. शब्दशः, यंत्राची बासरी. आपण म्हणणार गिरणीचा भोंगा. लालबाग-परळात ज्यांनी हा आवाज ऐकलाय, त्यांना या शिल्पाची पाटी वाचावी लागणार नाही.

बोलपूरच्या आसपास भातगिरण्या होत्या. भोंगा झाला की संथाळ बायका धावत सुटायच्या. रामकिंकरांनी सांगितलं आहे की त्या नुकत्याच आंघोळ करून निघालेल्या असत, धुतलेलं लुगडं वाळवायला वेळ नसे, म्हणून ते वाऱ्यावर धरून पळता पळता वाळवत. शिल्पात मागे उडणारं हे वस्त्र बघा. पताका वाटते, पंख वाटतो. आहे ते ओलं लुगडं. मागे एक पोर धावतंय. सिमेंट आणि खडीचा एवढा ऐवज, आणि त्यात वारा भरलाय.

अठरा वर्षांपूर्वीचं कुटुंब आपल्या चालीने चाललं होतं. या बायकांना मात्र वेळ पाळायची आहे.

[दृश्य : तडे. शेवाळ. वरचं छप्पर.]

स्वस्त मालाची किंमत पुढे मोजावी लागते. बंगालचा पाऊस सिमेंटमध्ये झिरपतो, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचा थर तडकतो. आपल्या इमारतींच्या गच्चीखाली जे होतं तेच. त्यामुळे डागडुजी झाली, संथाळ कुटुंबावर छप्परही आलं. शिल्प टिकवायचं तर ते हवंच, मान्य. पण उघड्या आभाळाखाली निघालेली माणसं शेडखाली उभी बघून चुटपुट लागते खरी. शूटिंगला आलेल्या माणसाला तर जास्तच, कारण सकाळचं ते तिरपं ऊन आता पूर्वीसारखं पडत नाही.

रामकिंकरांना स्वतःला टिकवण्याची फारशी फिकीर नव्हती. घराचं छप्पर गळायला लागलं की ते तेलरंगातली आपली चित्रं गळतीखाली लावायचे. तेलरंगाला पाणी लागत नाही, हे त्यांचं कारण. नंतर दिल्लीला रिझर्व्ह बँकेच्या दाराशी यक्ष आणि यक्षी घडवायचं मोठं काम मिळालं, दगडातलं. ते पुरं व्हायला १९६७ उजाडलं. त्यांचे विद्यार्थी शंखो चौधरी यांनी बडोद्याला, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात, शिल्पकलेचा विभाग उभा केला. २ ऑगस्ट १९८० रोजी किंकरदा गेले.

[दृश्य : संध्याकाळ. कलाभवनाचं आवार. सायकली.]

पाचची वेळ. वर्ग सुटलेत. कुणीतरी शिल्पाच्या कडेला सायकल टेकवून चहाला गेलंय. बांधकामावरून परतणाऱ्या बायकांचा घोळका वाटेने येतो, डोक्यावर रिकाम्या पाट्या, बोलणं संथाळीत, हसणं मोठ्याने. त्यांतली एकही वळून शिल्पाकडे बघत नाही. कॅमेऱ्याकडे मात्र एकजण बघते, पदर सावरते आणि पुढे होते.

[आवाज : मुरमावर पावलं. हळूहळू दूर.]