राफियाचे हत्ती

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊया राफियाच्या रणांगणावर, म्हणजे गाझाच्या दक्षिणेला, आजच्या रफाहपाशी. साल इसवी सनापूर्वी 217. एकीकडे इजिप्तचा राजा चौथा टॉलेमी, त्याच्याकडे 73 हत्ती, आफ्रिकेतले. समोर सीरियाचा तिसरा अँटिओकस, त्याच्याकडे 102, भारतीय जातीचे. लक्षात ठेवा हं: टॉलेमीचे आफ्रिकी, अँटिओकसचे भारतीय.

पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने ही झुंज डोळ्यांपुढे उभी केली आहे. सुळ्यांत सुळे अडकले आणि हत्ती सगळा जोर लावून एकमेकांना रेटू लागले. पाठीवरच्या मनोऱ्यांतले सैनिक लांब भाल्यांनी एकमेकांना भोसकत होते. रेटारेटीत एकाची सोंड बाजूला ढकलली गेली, तो वळला, की दुसऱ्याने सुळे खुपसलेच, बैल शिंगं खुपसतो तसे! पण टॉलेमीचे बहुतेक हत्ती पुढे यायलाच तयार होईनात. भारतीय हत्तींचा वास, त्यांचा चीत्कार, त्यांचं आकारमान सोसेना, म्हणून ते मागे फिरले आणि आपल्याच फौजेवर जाऊन आदळले. तरीही लढाई जिंकली टॉलेमीनेच! अँटिओकस पळणाऱ्यांच्या मागे लांब निघून गेला आणि इकडे त्याचं पायदळ मोडलं.

चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसला, म्हणजे या अँटिओकसच्या पूर्वजाला, 500 हत्ती दिले, एवढं शाळेत सांगतात आणि धडा संपतो. माझं ठाम मत आहे, ते हत्ती पुढे कुठे लढले हेही मुलांना सांगायला हवं. इसवी सनापूर्वी 301 मध्ये इप्ससची, आजच्या तुर्कस्तानातली लढाई त्यांनीच सेल्युकसच्या बाजूने फिरवली. असो.

आता कोडं. आफ्रिकी हत्ती तर भारतीय हत्तीपेक्षा मोठा. मग टॉलेमीचे हत्ती लहान कसे? विसाव्या शतकात अभ्यासकांनी तोड काढली: ते आफ्रिकेच्या दाट जंगलातले, ठेंगण्या जातीचे वनहत्ती असावेत. पण टॉलेमींचे हत्ती पकडले जात ते तांबड्या समुद्राकाठच्या मुलखात, आजच्या एरिट्रियाच्या बाजूला. तिथल्या हत्तींच्या डीएनएचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ते निघाले सव्हाना हत्ती. पुन्हा सांगतो, सव्हाना हत्ती, म्हणजे मोठी जात. वनहत्तीचा मागमूसही नाही.

भारतातला हत्तीच सगळ्यांत मोठा, हा समज ग्रीकांत जुना होता. आणि राफियाची लढाई झाली तेव्हा पॉलिबियस जन्मलाही नव्हता, म्हणजे आकाराची गोष्ट त्याने त्या समजावरूनच लिहिली असावी. मला विचाराल तर, 73 हत्तींपुढे 102 उभे ठाकले, माघारीला एवढं कारण पुरेसं आहे.