चार्जर खरंच चार्जरसारखी दिसते का? १:२५ किटची तपासणी

टेबलावर आहे १९६९ची डॉज चार्जर या अमेरिकन गाडीचं किट, स्केल १:२५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढं, अजून गोंद नाही, रंग नाही, नुसती पांढऱ्या प्लॅस्टिकची बॉडी स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, सोडवून ठेवलीय. मसल कारचं, म्हणजे मोठ्या इंजिनच्या दणकट अमेरिकन गाडीचं, किट म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, अ‍ॅक्युरेट आहे का? आणि लगेच कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) बाहेर निघतो. आपणही काढणार आहोत, पण माझं मत आधीच सांगून टाकतो, या गाडीचा निकाल आकड्यांवर कमी आणि छपरावर जास्त लागतो.

आकडे आधी उरकून घेऊ. खऱ्या चार्जरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ११७ इंच, म्हणजे २९७२ मिलिमीटर, त्याला २५ने भागलं की ११८.९. हे मोजताना चाकावरच्या कमानी धरू नका, कमानीचा मध्य आणि चाकाचा मध्य एकच असेल याची काही खात्री नसते, चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, अ‍ॅक्सल (चाकांचा दांडा) जिथे बसतो ते दोन पॉइंट धरा. गाडीची लांबी साधारण २०८ इंच, ती मॉडेलवर २११ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी, आणि रुंदी ७८च्या आसपास. व्हीलबेस १२४च्या जवळ आला तर तुमच्या हातात १:२४चं किट आहे, डब्यावर काहीही छापलेलं असो. या दोन स्केलमध्ये लांबीत जवळजवळ ९ मिलिमीटरचा फरक पडतो, शेल्फवर दोन्ही शेजारी ठेवल्या की सहज कळतो.

अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर सोडून द्या, साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक थंड होताना थोडं आकसतंच. पण दोन मिलिमीटर सोडू नका. १९७०ची डॉज चॅलेंजर आणि त्याच वर्षीची प्लिमथ बाराकुडा या एकाच घराण्यातल्या गाड्या, एकीचा व्हीलबेस ११० इंच, दुसरीचा १०८. हा दोन इंचांचा फरक मॉडेलवर फक्त दोन मिलिमीटर होतो, आणि तरी एकीची चासी दुसरीच्या बॉडीखाली सरकवली तर चाक कमानीत एका बाजूला कललेलं दिसतं, आणि ते एकदा दिसलं की डोळा सारखा तिथेच जातो.

आता छप्पर. ६८ ते ७०च्या चार्जरची ओळखच तिथे आहे. डॉजच्या स्टुडिओत रिचर्ड सियास या डिझायनरने या बॉडीचा मूळ आकार काढला, मधे चिंचोळी आणि पुढेमागे भरलेली, कोक-बॉटल म्हणतात तो आकार, आणि त्यावर मागे उतरत जाणारं छप्पर. नीट बघा, छपराचे दोन्ही खांब मागच्या काचेच्याही पुढे डिकीकडे निघून जातात आणि काच मात्र त्यांच्या मधे आत बसलेली असते. ही काच किती आत आहे ते मी सगळ्यात आधी बघतो. काही किटमध्ये ती उथळ असते, खांब जाड आणि बोथट असतात, मग बाकी सगळे आकडे जुळले तरी गाडी कुठल्याही दोन दरवाजांच्या गाडीसारखी दिसायला लागते.

आणि ही खोली नुसती दिसण्यापुरती नव्हती. नॅस्कार या अमेरिकन रेसिंग मालिकेच्या मोठ्या ओव्हल ट्रॅकवर वेग वाढला की त्या खड्ड्यात हवा घोटाळायची, समोरची आत बसवलेली जाळीसुद्धा हवा अडवायची, म्हणून डॉजने १९६९ला चार्जर ५०० आणली, तिची मागची काच खांबांच्या रेषेत बाहेर आणलेली आणि जाळी तोंडाशी सपाट बसवलेली. तेवढ्यानेही भागलं नाही तेव्हा त्याच वर्षी लांब चोचीची आणि मागे उंच पंखाची डेटोना आली. म्हणजे साध्या चार्जरच्या किटमध्ये काच अशी बाहेर आली असेल तर ती बारीक चूक म्हणून सोडता येत नाही, इंजिनिअरांनी मुद्दाम वेगळी गाडी करून जे बदललं तेच तुमच्या मॉडेलमध्ये नकळत बदललेलं असतं.

छप्पर बघायचं कुठून हाही मुद्दा आहे, आणि इथे बहुतेक जण फसतात. आपण खुर्चीत बसून टेबलावरची गाडी बघतो तेव्हा डोळा तिच्यापेक्षा ४०-५० सेंटीमीटर वर असतो, स्केलमध्ये ते झाले १० ते साडेबारा मीटर, म्हणजे आपण खरी गाडी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून बघतोय. तिथून कुठलंही छप्पर मोठं आणि सपाटच दिसणार. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६० सेंटीमीटरवर, त्याला २५ने भागा, ६.४ सेंटीमीटर. टेबलाच्या पृष्ठभागापासून एवढ्या उंचीवर डोळा आणा, हनुवटी जवळजवळ टेबलाला टेकते, आणि मग बघा. काचांची उंची कमी आहे का, छप्पर पुढे चेपलंय का, दाराच्या काचा वर जाताना आत पुरेशा झुकतात का, हे सगळं तिथून क्षणात कळतं.

फोटोशी तुलना करतानाही तेच. आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी प्रत्यक्ष कधी बघितलेली नाही, आपला सगळा आधार फोटोंवर, त्यामुळे फोटो किती अंतरावरून काढलाय हे समजून घ्यायलाच लागतं. गाडीच्या दोन मीटरवर उभं राहून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. दहा मीटरवरून काढलेला फोटो असेल तर मॉडेलचा फोटो ४० सेंटीमीटरवरून काढा, त्याच कोनातून, त्याच उंचीवरून, आणि मग दोन्ही फोटो शेजारी ठेवा. हे न करता किटचं नाक चुकलंय म्हणून ठरवून टाकणं मला अजिबात पटत नाही, अर्ध्या वेळेला चूक फोनच्या अंतराची असते.

वर्षांची गंमत यापुढची. ६८, ६९ आणि ७० या तिन्ही वर्षांत बॉडीचा सांगाडा तोच, बदल तोंडात, शेपटीत आणि छोट्या गोष्टींत. ६८ला जाळी सलग, ६९ला मधोमध दुभाजक, ७०ला दुभाजक गेला आणि क्रोमच्या बंपरने सगळ्या जाळीला वेढा घातला. मागचे दिवे ६८ला गोल, दोन्ही बाजूंना दोन-दोन, ६९ला आडवे लांब. कडेचे मार्कर ६८ला गोल, ६९ला आयताकृती. डब्यावर ६९ लिहिलंय, जाळीला दुभाजक आहे आणि मडगार्डवर गोल मार्कर आहेत, असं दिसलं तर समजा की दोन वर्षांची भेसळ झालीय. ती होते कशी? साठच्या दशकात एएमटी, एमपीसी, जोहान या कंपन्या शोरूमसाठी प्रोमो, म्हणजे जाहिरातीची छोटी, मॉडेल बनवायच्या, त्यासाठी त्यांना गाडीच्या कंपनीकडूनच ड्रॉइंग मिळायची, आणि दरवर्षी नवीन मॉडेल आलं की तोच साचा कापून-भरून बदलला जायचा. जुनं वर्ष त्या साच्यातून कायमचं पुसलं जायचं. म्हणून जुन्या किटची बॉडी प्रमाणात अनेकदा फार छान असते, आणि खाली उलटं केलं तर चासी म्हणजे एक सपाट पत्रा, त्यावर एक्झॉस्ट नुसता कोरलेला, आणि पुढचा लोखंडी अ‍ॅक्सल सरळ इंजिनच्या ब्लॉकमधून आरपार गेलेला. मला असं किट चालतं, कारण चासी बदलता येते. चुकलेलं छप्पर दुरुस्त करणं म्हणजे खांब कापून पुटीने सगळं नव्याने घडवणं, आणि ते फार थोड्यांना जमतं.

काही गोष्टी प्लॅस्टिकमध्ये होऊच शकत नाहीत, त्यांचा दोष किट बनवणाऱ्याला देऊ नका. एक मिलिमीटर जाडीची बॉडी म्हणजे खऱ्या गाडीत अडीच सेंटीमीटर जाडीचा पत्रा, ती जाडी आतल्या जागेतून जाते, म्हणून सीट अरुंद आणि गाडीचा आतला भाग उथळ येतो. दाराभोवतीची फट खऱ्या गाडीत सहा मिलिमीटर धरली तर मॉडेलवर पाव मिलिमीटरही होत नाही, किटवर ती बहुतेक वेळा जास्त रुंद असते. खोली पुरेशी आहे ना एवढंच बघा, नाहीतर प्रायमर आणि रंगाचे हात चढले की रेषाच गायब.

बॉनेट उघडा. आधी बॉनेटवरचे ते दोन लांबट खोलगट भाग बघा, त्यात चालकाकडे तोंड करून टर्न इंडिकेटरचे बारीक दिवे असतात, ते कोरलेले आहेत का. मग इंजिन. आर/टी, म्हणजे चार्जरची जास्त ताकदीची आवृत्ती, असेल तर स्टँडर्ड ४४० मॅग्नम (हा आकडा इंजिनच्या घन इंचांचा), ३७५ हॉर्सपॉवर, आणि जास्त पैसे दिले तर ४२६ हेमी, ४२५ हॉर्सपॉवर. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, कुठे आहे ते शोधा. डॉजची मूळ कंपनी क्रायस्लर, तिच्या मोठ्या ब्लॉकवर (मोठ्या आकाराच्या इंजिनवर) तो पुढे असतो, ३१८सारख्या छोट्या ब्लॉकवर मागे, आणि शेव्हरोलेच्या व्ही-८वर पण मागे. किटमध्ये ४४० म्हणून दिलेल्या इंजिनला डिस्ट्रिब्युटर मागे असेल तर ते इंजिन दुसऱ्याच कुठल्यातरी किटमधून आलंय. हेमी ओळखायला आणखी सोपं, व्हॉल्व्ह कव्हर रुंद, आणि स्पार्क प्लगच्या वायरी कव्हरच्या मधून आत जातात. खाली चासीवर पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) हवेत, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. पुढे कॉइल स्प्रिंग दिसल्या तर ती चासी चार्जरची नव्हे.

आता आत सीटकडे. आपल्या किटमध्ये हेडरेस्ट आहेत, आणि काही जण ते चुकीचे म्हणून कापून टाकतात. अमेरिकेत १ जानेवारी १९६९पासून बनलेल्या गाड्यांना पुढच्या सीटवर हेडरेस्ट सक्तीचे झाले, आणि ६९चं मॉडेल तर ६८च्या शरद ऋतूतच विक्रीला आलेलं होतं. म्हणजे हेडरेस्ट असलेली आणि नसलेली, दोन्ही ६९च्या चार्जर खऱ्या आहेत. तेव्हा ब्लेड लावायच्या आधी आपली गाडी नवीन वर्षाच्या आधीची करायची की नंतरची ते ठरवा, आणि ज्या खऱ्या गाडीचे फोटो समोर ठेवलेत ती कुठल्या महिन्यात बनली तेही बघून घ्या.