लेहला निघालात? अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, कापूर आणि ऑक्सिजनचा कॅन: खरं काम कशाचं?

(टेबलावर: कापराची पुरचुंडी, ऑक्सिजनचा छोटा कॅन, गोळ्यांची बाटली)

नमस्कार. ठाण्याहून लेहला निघणाऱ्यांच्या बॅगेत या तीन वस्तू हमखास असतात. यातली कुठली उपयोगाची, ते बघू. त्याआधी शरीरात काय बिघडतं ते समजून घ्यायला हवं.

आपलं ठाणं जवळपास समुद्रसपाटीला, लेह साडेतीन हजार मीटरवर. ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडे २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो इथल्या साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे त्याच एका श्वासात ऑक्सिजन एक तृतीयांशाने कमी येतो. याचा सराव महाराष्ट्रात होत नाही, कारण आपलं कळसूबाईच मुळी १,६४६ मीटर. येऊरचा चढ रोज धावणाऱ्यालाही लेह लागू शकतं. उलट दम चांगला असणारी मंडळी पहिल्याच दिवशी जास्त पळापळ करतात आणि आडवी होतात.

आता पेशीच्या आत. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजन त्यांना उचलतो. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर गाड्या कमी सुटल्या की पुलापर्यंत गर्दी तुंबते, तसं ऑक्सिजन कमी पडला की इलेक्ट्रॉन मागे तुंबतात. काही मधूनच निसटतात, जवळच्या ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. वरची थंडी, कडक अतिनील किरणं आणि श्रम त्यात भर घालतात. सुपरऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी झाला की तशाही आवळतातच, तेही सगळीकडे सारख्या नाही. जिथे कमी आवळल्या, तिथे सगळा दाब येतो आणि पाणी झिरपायला लागतं.

मग अशा सुपरऑक्साइडला आवरणारं अँटिऑक्सिडंट घेतलं की झालं, असं वाटणं साहजिक आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बोलिव्हियात ५,२०० मीटरवर गेलेल्या निरोगी लोकांपैकी काहींना व्हिटॅमिन सी, ई आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड दिलं, बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. विरळ हवेचा त्रास दोन्ही गटांत सारखाच. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस खरा आहे, पण आजाराचं ते एकटं कारण नाही. बाटली घरीच ठेवा.

कापूर हुंगला की नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चेतवल्या जातात आणि श्वास मोकळा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. लहान मुलांच्या हाती तर तो देऊच नका, पोटात गेला तर झटके येतात. कॅनचा हिशोब सोपा आहे: दहा लिटरचा कॅन, मिनिटाला दोन लिटर वापर, पाच मिनिटांत खलास.

काम करतो तो वेळ. विमानाने गेलात तर पहिल्या दोन रात्री लेहलाच काढा. पहिला दिवस खोलीतच, दारू नाही, झोपेची गोळी नाही. मग आधी नुब्रा खोरं, कारण वाटेतली खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडली तरी तिथल्या दिस्कित गावात झोपताना आपण लेहपेक्षा खालीच असतो. साधारण ४,२५० मीटरवरचं पँगाँग सरोवर शेवटी. बाइकवाल्यांनो, श्रीनगर-कारगिलवरून चढा. मनालीकडून गेलात आणि सरचूला मुक्काम पडला, तर ४,३०० मीटरच्या आसपास अख्खी रात्र काढावी लागते.

विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, डॉक्टरांना विचारूनच घ्या. प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. याने घाबरू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखणं, मळमळ, थकवा सुरू झाला तर आहात तिथेच थांबा, वर जाऊ नका. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरवर ८८ टक्के आलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. लेहला सुरुवातीला असे आकडे दिसतात आणि बोटं गार असली तर मशीन चुकतंही. माणूस कसा दिसतोय ते बघा.

(कॅमेरा जमिनीवर)

ही फरशीची सांध. टाचेला अंगठा लावत तिच्यावरून दहा पावलं चाला. सोबतचा माणूस झोकांड्या खात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज येतेय असं समजा. बसल्याबसल्या धाप, कोरडा खोकला, पुढे गुलाबी फेस, हे फुप्फुसात पाणी भरल्याचं लक्षण; बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतं. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन लावा आणि निदान तीनशे ते हजार मीटर खाली आणा.

पँगाँगची खरी अडचण इथेच आहे. तिथून नेहमीच्या रस्त्याने लेहला परतायचं तर चांग ला ही खिंड ओलांडावी लागते, म्हणजे आजारी माणसाला आधी पाच हजार मीटरच्या वर न्यावं लागतं. म्हणून डोकं दुखत असेल तर त्या दिवशी पँगाँगला निघू नका. आणि निघालात तर गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरदादांना सिलिंडर दाखवायला सांगा, मास्क आहे का बघा, चावी उघडून काटा भरलेला दाखवतोय का तेही स्वतः बघा.