आधी कान, मग हातपाय, मग जीभ

नमस्कार श्रोतेहो.

पहिली-दुसरीच्या वर्गात इंग्रजीचा तास खेळातून कसा घ्यायचा, आणि तोही एक रुपया न खर्चता, यावर आज बोलायचं आहे. आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ए-बी-सी-डीची गाठ पडायची पाचवीत. म्हणजे आज पहिलीत बसलेल्या पुष्कळ मुलांचे आईबाप स्वतःच पहिलीपासून इंग्रजी शिकलेत. तरी पालकसभेत पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच, "बाई, पोराला इंग्रजी बोलता आलं पाहिजे." आपण इंग्रजी लिहायला लावलं, घोकायला लावलं, एकेक स्पेलिंग दहा-दहा वेळा वहीत उतरवून घेतलं. कानाचा नंबर कधी लागलाच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. आधी कान, मग हातपाय, मग जीभ. लिहिणं त्याच्याही नंतर.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ तुम्ही सगळे खेळलेला आहात. शिवाजी म्हणतो, उठा. शिवाजी म्हणतो, बसा. नुसतंच 'उठा' म्हटलं आणि जो उठला, तो बाद. हाच खेळ इंग्रजीत घ्यायचा. 'टीचर सेज, स्टँड अप.' 'टीचर सेज, टच युवर नोज.' एक बदल मात्र जरूर करा, कुणालाही बाद करू नका. चुकतं त्यालाच सरावाची जास्त गरज असते, आणि आपण त्यालाच भिंतीला टेकवून बसवतो. चुकला तर हसू द्या, पुढची आज्ञा सोडा.

आता या खेळाची एक गोष्ट सांगते.

पाथर्डीकडच्या एका वाडीवर माझी शाळा होती. दोन शिक्षक, चार वर्ग. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलूप, माणसं ऊसतोडीला. काही मुलं आईबापांबरोबर जायची, काही आजीपाशी राहायची. अशीच आजीपाशी राहिलेली एक मुलगी दुसरीत होती. वर्गात बोलायचीच नाही. फ्रॉकचं टोक मुठीत धरून खिडकीखाली बसायची. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. इंग्रजीचं तर नावच सोडा.

खेळ सुरू झाला की उठायची मात्र. टच युवर नोज म्हटलं की तिचा हात नाकाला जायचा, पण शेजारणीच्या हातामागून, किंचित उशिरा. मला वाटायचं, ही बघून करते आहे. बघून करण्यात वाईट काहीच नाही, सुरुवात तशीच होते. पण कळतंय किती, ते मला पाहायचं होतं. म्हणून एक दिवस सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, टीचर सेज, टच युवर नीज. वर्गातले हुशार म्हणवणारे दोघे-तिघे चाचपडले. कुणी कोपर धरलं, कुणी पोट. हिचे दोन्ही तळवे नेमके गुडघ्यांवर. तेव्हा मला उमगलं, पोरीला सगळं कळतंय. बोलायची घाई तेवढी तिला नाही.

पुढच्याच आठवड्यात तिची आजी शाळेत आली. पोरं खिचडी खायला बसली होती. आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, ह्या पोरीला काय शिकीवलंय? सांजच्याला गोठ्यात जाती अन् शेळ्यांशी इंग्रजी बोलती!" मी म्हटलं, "काय बोलते?" तर म्हणाली, "बाभळीचा पाला असा वर धरती अन् म्हणती, स्टँड अप! की शेळी मागच्या दोन पायांवर उभी. मंग पाला खाली घेती अन् म्हणती, सिट डाऊन! त्याला काय शेळी ऐकत न्हाई."

श्रोतेहो, वर्गात ओठ न उघडणारी मुलगी घरी शेळ्यांची शाळा भरवत होती. मी तिला न बोलणारी समजत होते तेव्हा ती संध्याकाळी गोठ्यात सराव करत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला म्हटलं, आज तुम्ही सगळे शेळ्या. आणि तिला पुढे बोलावलं. लिंबाचा एक डहाळा हातात दिला. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग डहाळा वर गेला आणि खणखणीत आवाज आला, "गोट सेज, स्टँड अप!" अख्खा वर्ग बें-बें करत उभा. सिट डाऊन म्हटल्यावर कुणी बसेना, कारण सांगितलं म्हणून शेळ्या बसत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक! मग ती चिडून पुन्हा पुन्हा म्हणाली, सिट डाऊन, सिट डाऊन, ऑल गोट्स सिट डाऊन! हे 'ऑल गोट्स' मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडून 'ऑल गर्ल्स', 'ऑल बॉईज' ऐकून तिनं ते स्वतः जुळवलं होतं.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात हीच पद्धत मांडली. आज्ञा ऐकायची, अंगानं पाळायची, बोलण्याची सक्ती नाही. नुकतं चालू लागलेलं बाळ 'चेंडू आण' ऐकून चेंडू आणतं, बोलतं किती उशिरा! म्हणून पुन्हा सांगते, आधी कान, मग हातपाय, मग जीभ. आणि पाहुण्यांसमोर लेकराला उभं करून 'पोएम म्हणून दाखव' हा हट्ट घराघरांतून बंद व्हायला हवा. पाहुण्यांना चहा द्या, पोराला खेळू द्या.

आता बाकीचे खेळ भराभर सांगते. 'मामाचं पत्र हरवलं' खेळताना रुमालाऐवजी चित्राची चिठ्ठी टाका. ज्याच्या मागे पडेल त्यानं चित्राचं इंग्रजी नाव घेत पळायचं. ठिक्करच्या घरांत आकड्यांऐवजी खडूनं चित्रं काढा, आणि ज्या घरात उडी पडेल त्याचं नाव घ्यायला लावा. ताटात चमचा, किल्ली, कंगवा, लिंबू, बटण मांडा, वर टॉवेल टाका, एक वस्तू गुपचूप काढा आणि विचारा, व्हॉट इज मिसिंग? पाच वस्तूंपासून सुरुवात करा, मग दहावर जा. या खेळाला घरचं ताट पुरतं. आणि हो, शाळेच्या भिंतीवर विकतचे तक्ते लावणार असाल तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. ते छताजवळ टांगायची रीत कुणी पाडली कोण जाणे, तिथं ते फक्त साहेबांना दिसतात. तसंच ज्या शाळेत अजून रुळाच्या तुकड्याची घंटा आहे, तिथं ती काढू नका. मुलानं स्वतःच्या हातानं टोले द्यावेत आणि मोजावेत, वन, टू, थ्री. विजेची घंटा कुणाला मोजायला शिकवत नाही.

एक पथ्य पाळा. एका दिवसात नव्या आज्ञा तीनच. तीन पक्क्या झाल्या की चौथी. जुन्या रोज मधेमधे येऊ द्यात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आज्ञा देण्याचं काम मुलांकडे द्या, सर्वांत गप्प असलेल्या मुलालाही. त्याला नको असेल तर आग्रह नको, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

घरच्यांना म्हणाल तर आज रात्री जेवणाआधी पाच मिनिटं पुरे. ओपन द डोअर, ब्रिंग द स्पून, गिव्ह इट टू आजी. तुमचा उच्चार कसा का असेना, बिनधास्त बोला, आणि सोबत हातानं खूण करा. नमस्कार.